खडीकरण ‘व’ डांबरीकरण

लोणावळ्याच्या ट्रॅफिक जॅमपासून डोंगराच्या एका रांगेपलीकडे पवन मावळ आहे. तिथे हॉर्न ऐकू येत नाही, फक्त टायरखालचा मुरूम वाजतो. किती दिवस वाजेल, हा मात्र वेगळा प्रश्न!

तुमची शेवटची लोणावळा ट्रिप आठवून बघा. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, सगळे जमेपर्यंत सात वाजले. नऊ वाजता एक्स्प्रेस-वेवर ब्रेकलाइट्सची माळ. अकरा वाजता भुशी डॅमच्या कितीतरी अलीकडे इंजिन बंद करून तुम्ही चिप्सवर नाश्ता उरकलात. निसर्ग बघितलात तो पुढच्या एसयूव्हीच्या मागच्या काचेत!

आता गंमत ऐका. नोव्हेंबरमधल्या अशाच एका शनिवारी मी दोन तास सायकल चालवत होते. त्या दोन तासांत मला भेटलेलं एकूण ट्रॅफिक असं: दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटरसायकल, भाताचे भारे भरलेला एक ट्रॅक्टर आणि अकरा म्हशी (मोजल्या, कारण वेळ होता). ट्रॅक्टरवाल्या दादांनी मला बघून ट्रॅक्टर बाजूला घेतला. वाट द्यायला! पुण्यात हिंजवडी रोडवर मला गेल्या पाच वर्षांत कुणी वाट दिलेली आठवत नाही.

जागा म्हणजे पवनेचं खोरं. ही नदी लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडे वाहत पिंपरी-चिंचवडच्या पोटातून जाते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. शहरातल्या पुलावरून तिच्याकडे बघून आपण नाकाला रुमाल लावतो. तीच नदी वर मावळात भेटली तर ओळखणार नाही तुम्ही. उत्तरेला लोहगड आणि विसापूरची भिंत, दुसऱ्या बाजूला तिकोना आणि तुंगचे सुळके, मध्ये धरणाचं पाणी आणि पाण्याच्या कडेकडेनं भातखाचरं. लोहगड तर 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्यामुळे त्याच्या पायथ्याशी आता रविवारी काय होतं ते सांगायला नको. पण गर्दी जिथे डांबर जातं तिथेच जाते, आणि सगळा फंडा तिथूनच सुरू होतो.

सीसी किती?

‘ग्रॅव्हल बाइक घेतली’ असं मी जाहीर केलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘सीसी किती?’ मराठीत बाइक म्हणजे पेट्रोल, त्याला इलाज नाही. तर ही सायकल आहे. लांबून रेसर सायकलसारखी दिसते, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल वगैरे. जवळ गेलात की फरक कळतो. रेसरला पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचे बारीक टायर असतात, दगडासारखे टणक फुगवलेले. ग्रॅव्हलला चाळीसच्या आसपास, आणि हवा निम्म्याहून कमी. टायर दगडाशी भांडत नाही, त्याच्यावर बसतो आणि पुढे जातो. डिस्क ब्रेक, चढासाठी अगदी हलके गिअर, आणि टायरमध्ये ट्यूबच नाही. त्याऐवजी आत एक चिकट द्रव असतो, काटा घुसला की तो भोकात जाऊन घट्ट होतो. बाभळीच्या देशात याला चैन म्हणू नका, गरज आहे!

फॅशन अर्थातच अमेरिकेतून आली. तिथे 2006 साली कॅन्ससमधल्या एम्पोरिया या गावाहून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, आणि शेतांमधून जाणाऱ्या त्या धुळीच्या रस्त्यांना अचानक ग्लॅमर आलं. 2022 मध्ये इटलीत पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा झाली. आता प्रत्येक सायकल कंपनीकडे एक तरी मॉडेल असतं आणि त्याच्या जाहिरातीत दाढीवाला, धुळीनं माखलेला, अत्यंत सुखी दिसणारा एक माणूस असतो.

पण मला हसू आलं ते दुकानात टायर बघताना. टायरच्या कडेवर ‘40’ असं कोरलेलं होतं. आपली ती जुनी काळी सायकल आठवते? दूधवाल्याची, पोस्टमनची, आजोबांची? तिचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंच. हा दीड इंच मिलिमीटरमध्ये त्या टायरवर कसा लिहितात माहितीय? 40! म्हणजे आज मी ज्या रुंदीसाठी दोन महिन्यांचं घरभाडं मोजलं, त्याच रुंदीवर मावळातले दूधवाले दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लावून, गिअरशिवाय, पायात साध्या चपला घालून कैक वर्षं पहाटेच्या अंधारात हिंडले. त्यांची जाहिरात कुणी केली नाही, एवढंच.

तुटक रेषा

ट्रॅफिक नसलेला रस्ता शोधायचा कसा? मोबाइलवरचे नकाशे आपल्याला नेहमी सगळ्यात वेगवान रस्ता दाखवतात, म्हणजे नेमका तो रस्ता जो आपल्याला नकोय. उपग्रहाच्या चित्रात पांढुरकी रेघ दिसते, पण ती पायवाट आहे, ओढा आहे की कुणाच्या बांधावरची वहिवाट, हे चित्र सांगत नाही.

सांगतो तो गावनकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळणारा, सर्व्हे नंबरांनी भरलेला कागद. त्याची भाषा एकदा कळली की नाद लागतो. गावातला मोठा रस्ता दोन सलग रेषांनी दाखवलेला असतो. गाडीमार्ग, म्हणजे बैलगाडीची वाट, दोन तुटक रेषांनी. पायमार्ग एका तुटक रेषेनं. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. आणि दोन्ही बाजूंच्या बांधांमध्ये, झुडपांच्या कमानीखालून शेतात उतरते ती पाणंद. इंग्रजीत या सगळ्याला मिळून ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आहे, आणि चाकाखाली प्रत्येकाचा आवाजही वेगळा आहे. मुरमाचा रस्ता कुरकुरतो. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांमध्ये माती चेपून गुळगुळीत झालेली असते, तिथे आवाजच येत नाही. ताज्या खडीवर मात्र दात वाजतात!

मी आणि माझी एक मैत्रीण (बँकेत आहे, सोमवार ते शुक्रवार कर्ज नाकारते, शनिवारी डोंगर चढते) अशा दुहेरी तुटक रेषा जोडत जातो. सुरुवात कामशेतहून. स्टेशनबाहेर चहा, भजी, आणि मग पवनानगरच्या रस्त्याला लागायचं. हा डांबरी आहे, पण वाटेत बेडसे लेण्यांकडे वळण येतं आणि तिथून पुढे डोंगराच्या कुशीत शिरायला जागा मिळते. लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची. कार्ले-भाजेसारखी प्रसिद्ध नाहीत, त्यामुळे सकाळी सातला पायऱ्या चढून गेलात तर त्या उंच खांबांमधून येणारं ऊन फक्त तुमच्यासाठी असतं.

नोव्हेंबरचे दिवस म्हणजे भातकापणीचे. खाचरांत इंद्रायणीचे भारे आडवे पडलेले, हवेत त्या भाताचा वास. हे वाण वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातलं, त्यामुळे इथे तो वास घरचा आहे. खळ्यावर झोडणी चाललेली. वाट खळ्याच्या कडेनं जात असेल तर उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं, हा आमचा नियम. कुणी सांगितला म्हणून नाही, पण भुशाच्या धुरळ्यात आपली चमकदार जर्सी घालून कुणाच्या कामातून सुसाट जायचं म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरातून शूज घालून जाण्यासारखं वाटतं.

तिकोना पेठेच्या पुढे, धरणाच्या दक्षिण अंगानं, खरी मजा आहे. डावीकडे जंगल उतरत आलेलं, उजवीकडे झाडांमधून पाणी लुकलुकतं. समोर तुंग. हा किल्ला लांबून असा दिसतो की वाटतं यावर शेळीसुद्धा चढणार नाही. कठीणगड हे त्याचं दुसरं नाव काही उगाच नाही. चढ छोटे आहेत पण मुरूम सैल, त्यामुळे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून, हलक्या गिअरवर, पुटपुटत चढायचं. उतारावर हँडल घट्ट पकडलंत तर हात दुखतील. सैल सोडा, सायकलला स्वतःची वाट कळते. पहिल्या दिवशी यावर माझा विश्वास बसला नव्हता. आता बसलाय.

संपादकांनी लेखासोबत रूटचा नकाशा मागितला होता. मी दिला नाही. मोठे टप्पे वर सांगितलेत, मधल्या वाटांची नावं मुद्दाम गाळली आहेत. धरणकाठच्या ज्या माळावर एकेकाळी गुरं चरायची तिथे आता शनिवारी रात्री तंबूंची रांग आणि स्पीकरवर ‘धम्माल’ असते. एका तीस सेकंदांच्या रीलनं काय होतं ते बघून झालंय.

पाण्याखालची गाडीवाट

उन्हाळ्यात हेच खोरं पुन्हा बघायला हवं. एप्रिल-मे मध्ये पवनेचं पाणी उतरतं आणि काठावर तांबडा-करडा, भेगाळलेला पट्टा उघडा पडतो. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं दगडी देऊळ तेव्हा बाहेर येतं. लोक दर्शनाला जातात. आम्ही काठावर सायकली ठेवल्या आणि चालत खाली उतरलो. चिखल वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो, तिथे चाक घालायचं नाही.

उतरताना पायाखाली एक सरळ पट्टी जाणवली. दोन्ही बाजूंना दगड लावलेले, मध्ये सपाटी. मैत्रीण म्हणाली, ‘ही गाडीवाट आहे.’ होतीच. सत्तरच्या दशकात धरण झालं त्याआधी या खोऱ्याच्या तळाला गावं होती, शेतं होती आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा होत्या. नदीकाठची सगळ्यात सपाट, सगळ्यात चांगली वाट पाण्यात गेली. आज आपण ज्या चढ-उताराच्या वाटांवर ‘वॉव’ म्हणतो, त्यांतल्या कितीतरी वाटा माणसं वर सरकली म्हणून पडल्या. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षं उलटली तरी सुटलेला नाही.

आणि हे पाणी जातं कुठे? तुम्ही वाकड, रावेत किंवा पिंपळे सौदागरला राहत असाल तर नळ सोडून बघा. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात. पिंपरी-चिंचवडच्या पाण्याचा मोठा वाटा हाच. हे पाणी नदीऐवजी बंद पाइपातून थेट धरणातून न्यायची योजना आली तेव्हा मावळ पेटला होता. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ शेतकऱ्यांनी एक्स्प्रेस-वे रोखला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यात एक महिला होती. बऊर कामशेतपासून लांब नाही. आपण त्याच एक्स्प्रेस-वेवरून ताशी शंभरनं जातो, टोलवर कुरकुरतो, आणि ते ठिकाण कधी मागे पडलं कळत नाही.

मला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. सायकलवरून कळलं, कारण सायकल थांबते. गाडीतून उतरून कुणाला ‘इथे काय झालं होतं?’ असं विचारायला आपण जात नाही. सायकलचं पाणी संपतं, मग बाटली भरायला कुणाच्या तरी ओटीवर टेकावं लागतं आणि बोलणं सुरू होतं.

‘व’च्या अलीकडे

असंच एका ओटीवरचं बोलणं. तुंगच्या बाजूची वाडी, कुडाचं न्हाणीघर, दारात वाळत घातलेलं भात. मावशींनी आधी पाणी दिलं, मग गुळाचा चहा, मग चौकशी.

‘एवढ्या लांबनं सायकलीवर कशापाई आला?’

‘रस्ता छान आहे मावशी तुमचा. गाड्या नाहीत, शांत आहे.’

त्या खळखळून हसल्या. आतल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, ‘ऐकलं का गं? आपला रस्ता छान हाये म्हनं!’

मग सांगत बसल्या. पावसाळ्यात या मुरमाचा चिखल होतो तेव्हा रिक्षा वाडीपर्यंत येत नाही. सुनेचं पहिलं बाळंतपण असंच ऑगस्टमध्ये आलं. चार जणांनी तिला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथे गाडी उभी होती. ‘नशीब चांगलं,’ एवढंच म्हणाल्या. ती ‘नशीब चांगलं’ पोरगी आमच्या हेल्मेटशी खेळत होती.

वाडीच्या तोंडाशी एक बोर्ड आहे. असे बोर्ड तुम्ही प्रत्येक गावाबाहेर पाहिलेत: अमुक ते तमुक रस्ता ‘खडीकरण व डांबरीकरण करणे’, खाली निधीचा आकडा आणि हात जोडलेले चार-पाच फोटो. या वाडीला खडीकरण होऊन गेलंय. डांबरीकरण यायचंय. म्हणजे माझा सगळा शनिवार, माझी दोन महिन्यांच्या भाड्याची सायकल, माझी शांतता, सगळं त्या मधल्या ‘व’ मध्ये मावतं. ‘व’ च्या पलीकडे डांबर आलं की माझी वाट संपली. आणि मावशींच्या नातीच्या शाळेची एसटी तिथूनच सुरू होणार.

यावर मी आणि मैत्रीण परतीच्या वाटेवर बराच वेळ भांडलो. तिचं म्हणणं, आपण पाहुणे, आपल्याला मत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. वाडीपर्यंतचा रस्ता डांबरी व्हायलाच हवा, उद्या झाला तरी मी टाळ्या वाजवीन. पण या खोऱ्यातल्या वाटा डांबरानं कमी आणि तारेनं जास्त मरतायत. डोंगराच्या उतारावर प्लॉट पडतात, पुण्या-मुंबईचा कुणीतरी सेकंड होमचं स्वप्न विकत घेतो, चारी बाजूंनी काटेरी तार आणि निळं गेट येतं. दुहेरी तुटक रेषा कागदावर तशीच राहते, जमिनीवर ती गेटपाशी संपते. मागच्या वर्षी जिथून गेलो होतो तिथे यंदा तीन ठिकाणी आम्हाला सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यातून वळसा घालावा लागला. आमचं काय, आम्हाला तेवढाच व्यायाम! पण त्याच गेटपाशी एक आजोबा आपल्या दोन बैलांना घेऊन उभे होते, आणि त्यांचं खाचर गेटच्या पलीकडे होतं.

याला कायदा नाही असं नाही. शेताला वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, बांधावरून वाट मिळते. आजोबांना हे दोन्ही आकडे तोंडपाठ होते! तारखांना वडगावला जायचं, दिवस मोडायचा, हेही त्यांना पाठ झालं होतं. गेटचा मालक आपल्यापैकीच कुणीतरी असणार. कदाचित तुमच्या टीममधला, जो चहाच्या वेळी ‘पवनेला पाच गुंठे घेतलेत यार, सही व्ह्यू आहे’ असं सांगतो. त्याला विचारा जरा, कंपाउंड घालण्याआधी गावनकाशा बघितला होतास का?

जाणार असाल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मोसम उत्तम. जूनपासून दसऱ्यापर्यंत कच्च्या वाटांवर जाऊ नका, चाक रुततं आणि ओल्या पाणंदीची वाट लागते, जी नंतर दुसऱ्या कुणालातरी बुजवावी लागते. मार्चनंतर जायचं तर उजाडता निघा आणि दहाच्या आत सावली गाठा. कधीकधी डोंगरावर वणवा असतो, धूर दिसला तर त्या बाजूला जायचं नाही.

कामशेत, पवनानगर, तिकोना पेठ, तुंग, मोरवे, घुसळखांब आणि लोणावळा असा मोठा टप्पा पंचावन्न-साठ किलोमीटरचा होतो. पहिल्यांदा जात असाल तर पवनानगरपर्यंत जाऊन तिथून आसपास हिंडून परत फिरा, पुरेसं होतं. उत्तरेकडून दुधिवरे खिंडीतून लोहगडाकडे चढायचा मोह होईल. तो शनिवार-रविवारी आवरा, तिथे गाड्या असतात. मधल्या वारी सुट्टी टाकता आली तर तो चढ जाम भारी आहे.

ग्रॅव्हल बाइकच पाहिजे असं अजिबात नाही. बाल्कनीत धूळ खात पडलेली, रुंद टायरची साधी एमटीबी असेल तरी चालेल, हवा थोडी कमी ठेवा. जास्तीची ट्यूब, पंप, दोन लिटर पाणी आणि सुट्टे पैसे बरोबर हवेत. पवनानगर सोडलं की पंक्चरचं दुकान नाही असं समजूनच चला. गेट बंद दिसलं तर उडी मारू नका, पण आजूबाजूला कुणी असेल तर विचारा, वाट आधी कुठून होती? लोक हात करून दाखवतात.